जलरंगातला विदर्भ एवढा गार कसा?

वर्धेकाठचा
तालुक्याच्या गावी एका निसर्गचित्रकाराची जलरंगचित्रं पाहिली. आठवडी बाजार, कवेलूची (कौलारू) घरं, पारापाशी सोडलेल्या बैलबंड्या, आमच्या शकुंतला आगगाडीचं स्टेशन. हात कसलेला, वादच नाही. पण सगळीकडे सकाळचं कोवळं ऊन अन् जांभळट सावल्या. माती पिवळसर तांबूस. अहो, आमची माती काळी आहे! वर शकुंतला धूर सोडत निघालेली. वाफेचं इंजिन १९९४ सालीच गेलं, चित्राखाली तारीख मात्र यंदाची. हे पुण्या-मुंबईच्या भिंतींसाठी रंगवलेलं गाव वाटलं मला.

कागद-पाणी
एप्रिलमध्ये नांगरलेल्या वावरात उभे राहून बघा. वाळलेली काळी माती राखाडी दिसते, भर दुपारी तर जवळजवळ पांढरी. काळी होते ती पाऊस पडल्यावर. आणि सकाळच का? ४५ अंशांत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला की कुंचला बुडवून परत येईपर्यंत कड वाळते, डाग पडतो. मी स्वतः आठ-साडेआठला सामान आवरतो. यात लबाडी कसली?

वर्धेकाठचा
दुपार घरात बसून रंगवता येते की. चित्रकार हळदणकरांनी दिवा हाताआड धरलेली बाई जलरंगातच काढली, म्हैसूरला लोक अजून तिच्यापुढे थबकतात. अवघड उजेड जमतो, जमवायचा असेल तर.

पऱ्हाटी
काऊन भांडता बाप्पा? माह्या बापाले त्या चित्राचा फोटो दाखवला. तो कोळशाच्या शकुंतलेत बसेल मानूस. म्हने धूर बरोबर हाय, डबे लय चकाचक काढले. मले मातीचं काही वाटलं नाई. पन आता कोनाच्या घरावर कवेलू रायले? वांदरं फोडतात म्हून आमी टिनं टाकली. टिनावरचं ऊन काढा म्हना, पाह्यनाऱ्याचे डोये दिपले पायजेत.

कागद-पाणी
हे मात्र बिनतोड. टिन रंगवायला तर सोपं: कागद कोरा सोडायचा, कडेला गडद सावली मारायची, झालं. तरी त्यांनी काढलं नाही, कारण टिनाचं घर कोणी दिवाणखान्यात लावत नाही. इथे धागाकर्त्याचं म्हणणं थोडं मान्य करतो, नाइलाजाने. मातीबद्दल मात्र हटणार नाही.

वर्धेकाठचा
मीही नाही. श्रावणात या आमच्या वावरात. चपला धुऱ्यावरच काढून ठेवा, आत आणल्यात तर परत मिळायच्या नाहीत.