आयव्हीएफ सुरू होतंय: दिवसागणिक नेमकं काय घडतं?

सांजवेळ

आयव्हीएफसाठी (बीज शरीराबाहेर फलित करून गर्भ गर्भाशयात सोडतात ते) पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं आहे. अँटॅगोनिस्ट प्रोटोकॉल (बीजं वेळेआधी फुटू न देणारं इंजेक्शन मधून सुरू करायची पद्धत) आणि इक्सी (प्रत्येक बीजात एकेक शुक्राणू सोडणं) ठरलंय. डॉक्टरांनी नीट समजावलं, पण निम्मं डोक्यावरून गेलं. इंजेक्शनं किती दिवस चालतात, घरी आपली आपण घेता येतात का, बीज काढताना दुखतं का, रजा किती टाकावी? आणि १२ बीजं निघाली तर १२ गर्भ तयार होतात का? अनुभवकथनं बरीच वाचली, त्यांनी नुसती धडधड वाढते. कृपया माहितीच द्या.

जुनी सिस्टर

इंजेक्शनांपुरतं मी सांगते, लॅबचं लॅबवाले सांगतील.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते. आधीची गाठ (सिस्ट) नाही ना आणि दोन्ही अंडाशयांत मिळून किती छोटी फॉलिकल (बीज वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या) दिसतात, हे बघतात. त्याच दिवशी एफएसएचची (फॉलिकल वाढवणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शनं सुरू होतात. बहुतेकींना ८ ते १२ दिवस, रोज साधारण एकाच वेळी. डोस बहुधा १५० ते ३०० युनिटच्या दरम्यान असतो. तो वय, एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) आणि फॉलिकलची संख्या बघून ठरतो. मैत्रिणीचा डोस आणि तुमचा डोस यांची तुलना करू नका.

सुई बारीक असते, बेंबीपासून दोन बोटं सोडून चरबीत टोचायची, रोज जागा बदलायची. घरी आरामात जमतं. पेन असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: बटण पूर्ण दाबल्यावर मनात दहा अंक मोजून मगच सुई काढा, नाहीतर औषधाचा थेंब बाहेर येतो. बटण दाबून झाल्यावर खिडकीत ० दिसायला हवं. बऱ्याच पेनांमध्ये ७५ असा आकडा उरला, तर पेन संपलं आणि ७५ युनिट अजून जायचे आहेत असा त्याचा अर्थ. ते नव्या पेनमधून घ्यायचे. हे न बघितल्यामुळे अर्धाच डोस जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून दुसरं इंजेक्शन सुरू होतं, अँटॅगोनिस्ट. बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून. टोचल्या जागी लाल चट्टा उठून खाज येते, तासाभरात जाते. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. फॉलिकल रोज दीड-दोन मिलिमीटरने वाढतं. दोन-तीन मोठी फॉलिकल १७-१८ मिलिमीटरला पोचली की ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन.

ट्रिगरची वेळ मात्र घड्याळ लावून पाळायची. बीज ३४ ते ३६ तासांनी काढतात. म्हणजे परवा सकाळी ९ ला पिकअप (बीज काढणं) असेल तर आज रात्री ९ ला ट्रिगर. फार लवकर काढलं तर बीज कच्चं असतं, भिंतीपासून सुटत नाही. फार उशीर झाला तर आधीच फुटून गेलेलं. तासभर चूक झालीच तर लपवू नका, लगेच फोन करा. पिकअप पुढे सरकवता येतं, निसटलेलं बीज परत मिळत नाही.

काचपात्र

लॅबच्या बाजूने, बारा बीजांच्या हिशेबाबद्दल. आकडा प्रत्येक पायरीवर घटतो, आणि ते आधी माहीत असलं की रोजचा लॅबचा फोन धसका देत नाही.

पिकअपला हलकी भूल देतात, म्हणून आधी ६ ते ८ तास पोटात काही नको. योनीमार्गातून सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालून एकेक फॉलिकल ओढून घेतात, १५-२० मिनिटांचं काम. नवऱ्याचा नमुना त्याच दिवशी; आधी २ ते ५ दिवसांचा खंड हवा. पंधरा दिवसांचा खंड ठेवला तर संख्या वाढते, पण चाल आणि दर्जा खालावतो.

फॉलिकलमधलं पाणी कोमट बशीत ओतल्यावर बीज नव्हे, बीजाभोवतीचा चिकट, ढगासारखा पुंजका दिसतो. इक्सीसाठी या पेशी सोडवल्या की खरं कळतं: बाजूला छोटा ध्रुवकण दिसला तरच बीज पक्व. साधारण दहातली आठ पक्व असतात. त्या प्रत्येकात एकेक शुक्राणू सोडतात. १६ ते १८ तासांनी बघतात. दोन केंद्रकं दिसली तर फलन नीट झालं. तीन दिसली तर तो गर्भ वापरत नाहीत. पक्व बीजांपैकी साधारण ७० टक्क्यांचं फलन होतं.

पिकअपनंतर तिसऱ्या दिवशी ६ ते ८ पेशी अपेक्षित. तोवर गर्भ बीजाच्या शिदोरीवर चालतो. त्यानंतर स्वतःची जनुकं कामाला लागतात, आणि तिथेच बरेचसे थांबतात. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी झालेला, पुढच्या टप्प्याचा गर्भ) होणारे निम्म्याच्या आसपास. म्हणजे १२ बीजांतून १० पक्व, ७ फलित, ३ ब्लास्टोसिस्ट हा चांगला निकाल आहे, वाईट नव्हे. वय वाढलं की गुणसूत्रांतल्या चुकांमुळे गळती वाढते. आम्ही काय चुकलो, असं त्यात शोधू नका.

रिपोर्टवर ४एबी असं काही लिहून येईल. आकडा म्हणजे गर्भ किती फुगलाय (१ ते ६), पहिलं अक्षर बाळ होणाऱ्या पेशींचं, दुसरं वार होणाऱ्या पेशींचं. बीबी म्हणजे नापास नव्हे, बीबीतूनही गर्भ राहतो.

सांजवेळ

हे डोक्यात बसलं, आभार. पिकअपनंतर काय जपायचं? आणि सगळे गर्भ गोठवायचे असं कधी ठरतं?

जुनी सिस्टर

पिकअपचा दिवस आणि दुसरा दिवस रजा ठेवा. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवा. पाळीसारखी कळ आणि दोन दिवस थोडे डाग चालतात. ताप ३८ सेल्सिअसच्या वर गेला, तासाला पॅड भिजायला लागलं किंवा एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आली, तर वाट बघू नका. अंडाशय फुगलेला असतो, त्याला पीळ पडू शकतो. म्हणूनच उड्या, जड उचलणं आणि संबंध काही दिवस बंद.

पीसीओएस (अंडाशयात खूप छोटी फॉलिकल असण्याचा त्रास) असेल, एएमएच जास्त असेल किंवा फार बीजं निघाली असतील, तर ओएचएसएसची (अंडाशयांनी औषधाला अति प्रतिसाद देण्याची) भीती असते. पोट फुगून पाणी साचतं. रोज सकाळी वजन करा. दिवसात किलोभर वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा. गर्भ राहिला की हे आणखी वाढतं, म्हणून अशा वेळी ताजा ट्रान्सफर (त्याच पाळीत गर्भ गर्भाशयात सोडणं) टाळून सगळे गोठवतात. प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाला गर्भासाठी तयार करणारं हार्मोन) लवकर चढलं किंवा गर्भाशयाचं अस्तर पातळ राहिलं तरी तसंच.

गोठवलेला गर्भ सोडताना बहुधा आधी इस्ट्रोजेनने अस्तर वाढवतात, ७ मिलिमीटरच्या पुढे गेलं की प्रोजेस्टेरॉन, आणि पाच दिवस झाले की ब्लास्टोसिस्ट आत. प्रोजेस्टेरॉन कधी सुरू झालं त्यावरून दिवस मोजतात, तेव्हा पहिली गोळी चुकवू नका.

काचपात्र

ट्रान्सफरला भूल लागत नाही. मूत्राशय भरलेलं हवं, सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसतं. मऊ नळी आत जाते, गर्भ सोडतात, मग नळी परत लॅबमध्ये येते. गर्भ चिकटून राहिला नाही ना, हे आम्ही तपासतो. क्वचित राहतो, मग पुन्हा सोडतात. त्यामुळे दोन मिनिटं थांबा म्हटलं की घाबरू नका. नंतर लगेच लघवीला जा, गर्भ पडत नाही. खाटेला खिळून राहण्याचाही उपयोग नाही.

बीटा रक्तचाचणी (गर्भ राहिला का ते सांगणारी) ब्लास्टोसिस्ट सोडल्यानंतर साधारण ९ ते १२ दिवसांनी. आधी घरी पट्टी लावू नका. ताज्या ट्रान्सफरमध्ये ट्रिगरचं एचसीजी (पट्टी शोधते तेच हार्मोन) १० ते १४ दिवस शरीरात राहू शकतं, म्हणजे पट्टीवरची दुसरी रेघ इंजेक्शनची असू शकते. आणि उलट, पट्टी कोरी आली किंवा डाग दिसले म्हणून प्रोजेस्टेरॉन स्वतःहून थांबवू नका. रक्ताचा आकडा येऊन डॉक्टर सांगेपर्यंत चालूच ठेवायचं.