मदत हवी आहे: सी मध्ये क्रम न बिघडवता अ‍ॅरेतले डुप्लिकेट काढणे

इंट प्रकारचा अ‍ॅरे आहे, जास्तीत जास्त १,००,००० आकडे. प्रत्येक आकडा पहिल्यांदा जिथे आला तिथेच राहावा, पुढचे डुप्लिकेट जावेत.

सध्या दोन नेस्टेड लूप आहेत. डुप्लिकेट सापडला की पुढचे सगळे एक घर डावीकडे सरकवतो. आधी ४, ७, ७, ७, २ चं उत्तर ४, ७, ७, २ येत होतं, कारण सरकवल्यावरही आतल्या लूपचा इंडेक्स ‘जे’ (j) वाढत होता आणि त्या जागी नुकताच आलेला ७ तपासलाच जात नव्हता. सरकवलं तर ‘जे’ वाढवायचा नाही, एवढ्याने ते सुटलं. उत्तर आता बरोबर येतं, पण वेगाचं काय? सगळे आकडे वेगळे असले तर सरकवणं शून्य, तरी तुलना सुमारे ५०० कोटी!

नुसतं क्यूसॉर्ट (सी मधलं तयार सॉर्टिंग फंक्शन) केलं तर मूळ क्रम जातो. आकडे ऋणही असतात, रेंज पूर्ण ३२ बिट, म्हणून साधा फ्लॅग अ‍ॅरे (प्रत्येक शक्य आकड्यासाठी एक खुणेचं घर) नको. जादा मेमरी २ एमबीपर्यंत चालेल. बाहेरची लायब्ररी नाही.

दोन मार्ग दिसतात: किंमत आणि इंडेक्सच्या जोड्या सॉर्ट करून डुप्लिकेटवर खूण करणे, किंवा ओपन अ‍ॅड्रेसिंगचं हॅश टेबल (आकड्यावरून घर ठरवायचं, ते भरलेलं असेल तर त्याच टेबलात दुसरं घर शोधायचं). नवशिक्याला नीट डीबग करता येईल असा यातला कोणता? आणि हॅश टेबल घेतलं तर २,६२,१४४ घरं पुरतील का, आणि ० हीसुद्धा खरी किंमत असताना रिकामं घर कसं ओळखायचं?