'इन युटेरो' म्हणजे शेपूट? काहीही!

खरखर: काल एका महाशयांनी निकाल देऊन टाकला: निर्वाना हा अमेरिकन रॉक बँड 'नेव्हरमाइंड' या अल्बमलाच संपला, त्यानंतरचा 'इन युटेरो' अल्बम म्हणजे मुद्दाम घाण वाजवलेली शेपूट. अहो, 'नेव्हरमाइंड'चं मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज जुळवण्याचं काम, अँडी वॉलेसने इतकं गुळगुळीत केलं की नंतर बँडचा गायक कोबेनलाच ते खटकायला लागलं. म्हणून तर फेब्रुवारी 1993मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीकडे गेले आणि दोनेक आठवड्यांत काम उरकलं. त्यातलं 'सेंटलेस अप्रेंटिस' लावा. ड्रमर ग्रोल तुमच्याच खोलीत बसून ड्रम बडवतोय! हा बँडचा खरा आवाज.

चाल_महत्त्वाची: महाशय मीच. खरा आवाज म्हणे! मग 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही त्यातलीच गाणी स्कॉट लिट या दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मिक्स का करून घेतली? आणि आधी 'नेव्हरमाइंड' नसता तर हा अल्बम आल्या आल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत पहिला आला असता?

खरखर: बारातली दोन. बाकी दहा ऐकलीत का?

कॅसेटवाली: दादाने ही कॅसेट आणली तेव्हा बाबांनी डेक बिघडला म्हणून हेड साफ करायला घेतलं होतं. त्यामुळे शेपूटवाल्यांना माझं अर्धं मत.

साउंडचेक: अल्बिनीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गडी एक लाख डॉलर एकरकमी घेऊन मोकळा झाला, रॉयल्टी नको म्हणाला. बँडला पत्रात लिहिलं, प्लंबरला देतात तसे पैसे द्या. इथे आम्ही गणपतीत रात्र रात्र मिक्सरवर उभे, आणि आयोजक म्हणतो 'तुझं नाव होईल'. दोन वर्षं झाली, नाव झालं, पैसे नाहीत.

चाल_महत्त्वाची: एक लाख डॉलर! केवढा तो त्याग!

साउंडचेक: लाखो प्रती खपल्या. टक्केवारी घेतली असती तर किती झाले असते, जरा हिशेब करा. आयत्या गाण्यांवर मतं ठोकणाऱ्यांना केबल गुंडाळायला लावलं पाहिजे.

चाल_महत्त्वाची: वैयक्तिक व्हायचं काम नाही.

कॅसेटवाली: साउंडचेक, आगाऊ घेत जा. माझ्या नवऱ्याचा ऑर्केस्ट्रा आहे, अर्धे आधी घेतल्याशिवाय तो गाडी काढत नाही.

खरखर: अरे, धागा कशावर आहे? त्याच वर्षी नोव्हेंबरात एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' या साध्या वाद्यांवरच्या कार्यक्रमात याच अल्बममधली 'डंब' आणि 'पेनिरॉयल टी' वाजवली. सगळा गोंगाट काढला तरी गाणी उभी राहतात. शेपटीत इतका दम?

चाल_महत्त्वाची: बरं, 'डंब' दिलं तुम्हाला. चाल आहे म्हणून, तुमच्या अल्बिनीमुळे नाही.

साउंडचेक: वहिनी, अर्धे आधी मागितले की दुसऱ्याला बोलावतात त्याचं काय?