मदत हवी आहे: वर्गाचं नाव ‘कतारी चित्रकार’ ठेवायचं की ‘कतारचे चित्रकार’?

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापुरातले चौघं एका ऑनलाइन मराठी ज्ञानकोशात लिहितो. सध्या आपल्या जिल्ह्यातल्या व्यक्तींच्या लेखांना वर्ग, म्हणजे विषयवार गट, लावायचं काम काढलंय आणि एका नावावर दोन रविवार अडकून बसलोय.

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११ मध्ये लंडनला वारले. ‘भारतीय चित्रकार’ या वर्गाबद्दल कुणाचंच दुमत नाही. दुसरा वर्ग मी ‘कतारचे चित्रकार’ असा केला. आमच्या ताईंनी तो ‘कतारी चित्रकार’ केला. मी परत फिरवला. आता एक वर्ग रिकामा पडलाय, दुसऱ्यात एकच लेख, आणि आम्ही दोघंही मनातून नाराज.

हे फक्त कतारचं नाही. ऑस्ट्रेलियन, ऑस्ट्रेलियाचे आणि हिंदीतून आलेलं ऑस्ट्रेलियाई, अशी तिन्ही रूपं वापरात आहेत. वाचक एका वर्गात शोधतो, त्याला हवं ते दुसऱ्यात असतं.

माझा कल ‘चे’कडे आहे. आपल्याकडे चादर सोलापुरी असते, पण माणूस सोलापूरकर असतो. देशाला ‘कर’ लागत नाही, मग माणसांसाठी ‘चे’ सरळ वाटतं. दुसरं म्हणजे भाषेचा घोळ. ‘स्पॅनिश लेखक’ म्हणजे स्पेनचा, की स्पॅनिशमध्ये लिहिणारा? गॅब्रिएल गार्सिया मार्केझ कोलंबियाचे, लिहिलं स्पॅनिशमध्ये. माझ्या घरी तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड, आणि मी लिहितो मराठीत. मला कुणी ‘तेलुगू लेखक’ या वर्गात टाकलं तर ते चूकच की. शिवाय नायजर आणि नायजेरिया: ‘चे’ लावलं की दोन्ही देश स्वच्छ वेगळे दिसतात. डोमिनिका आणि डोमिनिकन प्रजासत्ताक यांचंही तेच, नाहीतर दोन्हीकडचे लोक ‘डोमिनिकन’ होऊन बसतात.

पण ‘चे’ सगळीकडे चालवून बघितलं आणि अडलो. साच्यात (लेखात बसवायच्या तयार चौकटीत) देशाचं नाव टाकलं की वर्ग आपोआप लागावा अशी सोय केली होती. त्यातून निघालं ‘अमेरिकाचे लेखक’. ते वाचून मलाच कसंतरी झालं. लेखिकांसाठी तर ‘अमेरिकेच्या’ हवं. आणि व्हॅन गॉगला ‘नेदरलँड्सचे चित्रकार’ म्हणायचं? सगळे डच चित्रकारच म्हणतात.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस तर आमच्या गावचे, म्हणून जास्त जीव लागतो. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांना कुणीतरी ‘चिनी डॉक्टर’ हा वर्ग लावला होता. तो काढून मी ‘चीनमधील भारतीय डॉक्टर’ लावला. हे बरोबर केलं ना? सगळ्या देशांना एकच नियम लावता येईल का, सांगा.

प्रतिसाद १
दादा, कोटणीसांचं बरोबर केलंत. काम कुठे केलं आणि नागरिक कुठले, हे दोन वेगळे वर्ग हवेत. साच्याचं म्हणाल तर रूप साच्याला बनवायला लावूच नका. एक तक्ता करा: देशाचं नाव, विशेषण, आणि ‘चे’, ‘च्या’, ‘ची’ जोडलेली रूपं. अमेरिका, अमेरिकन, अमेरिकेचे, अमेरिकेच्या, अमेरिकेची. साचा तिथून उचलेल. रशियाचं ‘रशियाचे’च राहतं, अमेरिकेचं बदलतं, हे यंत्राला कळत नाही, माणसानेच एकदा भरायचं. आणि जुन्या वर्गाचं पान नव्याकडे वळवून, म्हणजे नुसतं पुनर्निर्देशन करून भागत नाही, जुने लेख जुन्याच वर्गात राहतात. ते सांगकाम्याकडून (आपोआप संपादनं करणाऱ्या बॉटकडून) हलवून घ्या.

प्रतिसाद २
मी तीस वर्षं मराठी शिकवलं. तुमचा मुद्दा पटला तरी रूळलेले शब्द मोडू नका. शब्दापुढे ‘माणूस’ ठेवून मोठ्याने म्हणा. डच माणूस, फ्रेंच माणूस, जपानी माणूस, नेपाळी माणूस: जिभेला कुठेच अडत नाही. ‘कतारी माणूस’ म्हणताना मी थबकले, तिथे ‘कतारचे’ करा. मराठीनं काही ठिकाणी माणूस आणि भाषा आधीच वेगळी केली आहेत, ती जपा: इंग्रज आणि इंग्रजी, अरब आणि अरबी. भाषेसाठी वेगळा वर्ग ‘स्पॅनिश भाषेतील लेखक’ असा पूर्ण लिहिलात तर घोळ उरणार नाही. तुमच्या ताईंनाही हे वाचायला द्या, त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

धागाकर्ता
बाई, दादा, मनापासून आभार. ताईंना फोन करून वाचून दाखवलं. ‘जपानी’ आणि ‘नेपाळी’ त्यांचं, ‘कतारचे’ माझं, असं ठरलं. तक्ता आज रात्रीच सुरू केला, आशियातले देश आधी घेतोय. ‘माणूस’ लावून बघताना पहिल्याच पानावर तुर्की आलं. तुर्की माणूस सहज म्हणता येतं, पण आमच्या निम्म्या लेखांत तुर्की हेच देशाचं नाव आहे आणि उरलेल्यांत तुर्कस्तान. वर्गाआधी देशाचं नाव ठरवावं लागेल असं दिसतंय. तुम्ही कुठलं घ्याल?