आयपीएलचा अंदाज-पूल शीटवर चालवायचाय, रचना कशी ठेवावी?

थर्डमॅन_दादर

नमस्कार मंडळी. 14 जणांचा ग्रुप आहे. प्रत्येक सामन्याआधी कोण जिंकणार ते सांगायचं, बरोबर आलं की गुण. पैसे लावत नाही. आतापर्यंत व्हॉट्सअॅप पोलवर चालायचं, पण तिथे मत मागाहून बदलता येतं आणि कोणी काय टाकलं ते सगळ्यांना दिसतं. मग पहिल्या दोघा-तिघांचं बघून बाकीचे तेच ठोकतात.

तीन पर्याय डोक्यात आहेत: ऑफिसच्या सीआरएममध्ये (ग्राहक आणि सौद्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) प्रत्येक सामना 'डील' म्हणून टाकणं, एअरटेबल (ऑनलाइन तक्ते ठेवायचं अॅप), किंवा गूगल फॉर्म आणि शीट. टॉसला अंदाज बंद व्हायला हवेत आणि रोज हाताने काही करावं लागू नये.

पिव्होट_ठाणे

सीआरएम नको. ऑफिसच्या खात्यातलं सगळं कंपनीचं. बाहेरच्यांना शेअर करणं बऱ्याच ठिकाणी बंदच असतं, आणि नोकरी बदलली की तुमच्या लॉगिनबरोबर तक्ताही गेला. एअरटेबल छान आहे, पण मोफत योजनेत एका बेसमध्ये (म्हणजे तक्त्यांच्या एका संचात) 1000 नोंदी मिळतात. तुमचे 14 जण गुणिले 74 सामने (लीगचे 70, प्लेऑफचे 4) म्हणजे 1036. सामन्यांची यादी आणि बदललेले अंदाज धरले तर गाडी प्लेऑफआधीच अडकेल.

वैयक्तिक जीमेलवर फॉर्म आणि शीट घ्या. फॉर्म एकच, 74 नव्हे. त्यात दोनच प्रश्न, दोन्ही ड्रॉपडाउन: सामना क्रमांक आणि विजेता संघ. ईमेल 'व्हेरिफाइड' पद्धतीने गोळा करा आणि माणूस ईमेलवरून ओळखा. नाव टाइप करायला दिलंत की एकाच माणसाची चार स्पेलिंगं येतात. 'एकाच उत्तराची मर्यादा' बंद ठेवा, नाहीतर पहिल्या सामन्यानंतर कोणालाच काही भरता येणार नाही. 'उत्तर संपादित करू द्या' हेही बंद. संपादन केलं की जुनं उत्तर पुसलं जातं आणि वेळही नवी लागते, म्हणजे टॉसनंतर बोट लावणाऱ्याचा आधीचा वैध अंदाजही गेला. मत बदलायचं असेल तर फॉर्म पुन्हा भरायचा.

शीटमध्ये उत्तरांच्या टॅबला अजिबात हात लावू नका. शेजारी सूत्रंही नकोत. नवीन उत्तर आलं की फॉर्म नवी ओळ घुसवतो आणि सूत्र त्या ओळीत उतरत नाही. दुसऱ्या टॅबवरून एकेका सेलचा संदर्भ दिलात तर तोही सरकतो. नेहमी पूर्ण स्तंभ घ्या.

'सामने' टॅब: क्रमांक, तारीख-वेळ, दोन संघ, मुदत, विजेता, स्थिती. मुदत म्हणजे सुरुवातीच्या वेळेतून 30 मिनिटं वजा. रात्रीचा सामना 7:30 चा, टॉस 7 ला. दुपारचा 3:30 चा, टॉस 3 ला. मग 'हिशेब' टॅबवर ग्रुपमधला प्रत्येक जण आणि प्रत्येक सामना यांसाठी एक्सलुकअप (जुळणारी ओळ शोधणारं सूत्र): ईमेल जुळतो, क्रमांक जुळतो, वेळ मुदतीच्या आत आहे, अशा तीन अटींचा गुणाकार 1 येईल ती ओळ शोधायची, शोधाची दिशा उणे 1, म्हणजे खालून वर. मुदतीआधीचा शेवटचा अंदाज आपोआप मिळतो. हे सूत्र अॅरेफॉर्म्युलात गुंडाळायला विसरू नका, म्हणजे अटी पूर्ण स्तंभावर तपासल्या जातात.

फॉर्म वेळेवर बंद करायला अॅप्स स्क्रिप्टचा ट्रिगर (गूगलमधला छोटा प्रोग्राम ठरल्या वेळी चालवायची सोय) लावायच्या फंदात पडू नका. रोजचा ट्रिगर तुम्ही दिलेल्या तासाभरात कधीही चालतो. दार उघडंच राहू दे, उशिरा आलेल्याला शीट आत घेत नाही.

नाइटवॉचमन

वरच्याला अनुमोदन. दोन गोष्टी मात्र सगळ्यात आधी: फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल (तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते) भारत आणि टाइमझोन अधिक 5:30. लोकेल अमेरिकेचं राहिलं तर 05/04 ही 5 एप्रिल न होता 4 मे होते, मुदत महिनाभर पुढे जाते आणि निकाल लागल्यावर टाकलेले अंदाजही 'वैध' ठरतात. एरर कुठेच येत नाही. 13 तारखेपासून पुढे शीट ती तारीख मजकूर समजतं, तेव्हा कुठे डोळ्यांत भरतं.

दुसरा सापळा रिकाम्या सेलचा. अंदाज नाही, निकालही भरलेला नाही, आणि सूत्र विचारतं 'दोन्ही सारखे आहेत का?' रिकामं बरोबर रिकामं, म्हणून झोपलेल्या माणसाला गुण. त्यामुळे विजेता भरला आहे का, ही अट आधी. शिवाय टाकलेला संघ त्या सामन्यात आहे का, हेही तपासा. चेन्नई-कोलकाता सामन्यात कोणीतरी मुंबई टाकणारच (आणि वर वाद घालणार).

पिव्होट, उत्तरांचा टॅब लपवून भागत नाही हेही सांगायला हवं होतं. बघण्याची परवानगी असलेला माणूस फाइलची प्रत काढून लपवलेला टॅब उघडू शकतो. गुणतक्ता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, इम्पोर्टरेंजने (दुसऱ्या फाइलमधला डेटा खेचणारं सूत्र) आणा, आणि त्या फाइलवर इतरांना फक्त बघण्याचा हक्क द्या. संपादनाचा हक्क दिलात तर तोच माणूस इम्पोर्टरेंजने मूळ अंदाजही खेचेल.

थर्डमॅन_दादर

भारी. तारखेचं लक्षातच आलं नसतं. गुण कसे द्यावेत? सरळ एकेक दिला तर सगळे गुणतक्त्यातला वरचा संघ धरतात आणि मे उजाडेपर्यंत आठ जण बरोबरीत. आणि पावसाचं, पुढे ढकललेल्या सामन्याचं काय?

पिव्होट_ठाणे

14 भागिले बरोबर आलेले. दोघंच बरोबर तर 7-7, सगळेच बरोबर तर 1-1. कोणीच बरोबर नसेल तर शून्याने भागाकार होतो. तिथे इफएररचं (एररच्या जागी दुसरं काही दाखवणारं सूत्र) पांघरूण घालू नका, खरी चूकही त्याखाली लपते. साधी इफची अट लावा. उत्तर दोन दशांशांपर्यंत राउंड करा, नाहीतर बेरजेत शेपटाचे अंक उरतात आणि बरोबरीतले दोघं वर-खाली दिसतात. बरोबरी फोडायला एकट्याने बरोबर ठरलेले अंदाज मोजा.

सुपर ओव्हरचा विजेता तोच विजेता. पावसाने निकाल नाही तर स्थिती 'रद्द', सगळ्यांना शून्य. (मुंबईत ऐन पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगवर पूल काढलात तर 'रद्द' हा तिसरा पर्यायच द्या, तोच जास्त वेळा जिंकेल.)

ढकललेल्या सामन्यासाठीच तारखेऐवजी क्रमांक ही किल्ली. 2025 मध्ये 9 मेला स्पर्धा थांबली, 17 मेला पुन्हा सुरू झाली, अंतिम सामना 3 जूनला गेला. क्रमांक धरून चालणाऱ्यांना फक्त तारखांचा स्तंभ बदलावा लागतो. धरमशालेत 8 मेला अर्ध्यावर सोडलेला पंजाब-दिल्ली सामना 24 मेला जयपुरात नव्याने झाला. अशा वेळी जुना क्रमांक 'रद्द' करा आणि नवा द्या, 58-ब असा. जुने अंदाज पुढे ओढलेत तर संघ बदललेला असतो आणि भांडण ठरलेलं.

नाइटवॉचमन

पुढेमागे कोणी 'शंभर-शंभर काढूया' म्हणेल. नको. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल आहे आणि 2025 चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावलेल्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. जेवायचंच असेल तर निकालाशी संबंध न ठेवता सारखी वर्गणी काढा.

आणि नियमात लिहा: शीटवर उमटलेली वेळच अंतिम. 6:50 ला लोकलच्या गर्दीत नेट गेलं म्हणून स्क्रीनशॉट पाठवला, तर चालणार नाही. सकाळी 10 ला सामना क्रमांक आधीच भरलेली लिंक ग्रुपवर टाका. फॉर्मच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत 'प्री-फिल्ड लिंक' मिळते. तिच्यात शेवटी फक्त क्रमांक बदलायचा, म्हणजे 74 दिवसांच्या लिंका एकदाच शीटवर जोडून ठेवता येतात.

थर्डमॅन_दादर

74 दिवस नाही हो, शनिवार-रविवारी दोन-दोन सामने असतात. बाकी समजलं. आज लोकेलपासून सुरुवात करतो.