मदत हवी आहे : खऱ्या वस्तऱ्याने दाढी शिकतोय, हनुवटीपाशी अडलोय

नमस्कार मंडळी. पुण्याच्या जुन्या बाजारातून घडीचा वस्तरा घेतलाय. पात्यावर 'झोलिंगेन, जर्मनी' असा ठसा आहे, रुंदी साधारण 5/8 इंच. सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालून वापरतात तो नव्हे, धार लावून वापरायचा अस्सल वस्तरा.

गाल जमतात. कातडी ताणून धरायची, पातं साधारण 30 अंशांत ठेवायचं, जोर न देता केसांच्या दिशेने ओढायचं, इथवर ठीक. खरी पंचाईत हनुवटीच्या वळणावर आणि गळ्याला. गळ्यावर माझे केस एका बाजूला आडवे वाढतात, आणि डावा हात तर अजून परकाच वाटतो. तुम्ही दोन्ही हात वापरता की उजव्यानेच भागवता?

दुसरं धारेचं. दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर पात्याची जाड पाठ पुढे, धार मागे ठेवून फिरवतो. उलटवताना पाठीवरच उलटवतो. तरी केस कापले जाण्याऐवजी ओढले जातात. म्हणजे आता धार लावायचा दगडच लागणार ना? 1000 चा दगड (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) मोडलेल्या धारेसाठी, शेवटचा हात 8000 किंवा 12000 वर, एवढं ठाऊक आहे. पण सगळे दगड घेणं खिशाला परवडत नाही. एकच घ्यायचा तर कोणता? चाकावर सुऱ्या परजणाऱ्याकडे द्यायची हिंमत नाही, पातं जायचं! पुण्यात हाताने धार लावून देणारे कुणी जुने कारागीर आहेत का?

आणि तुरटी पुरते की आफ्टरशेव्ह हवंच?