'जॉक' म्हंजे काय ओ?

सोलापूरकर_पोरगा: अमेरिकन सिरीजमध्ये कॉलेजातल्या फुटबॉलवाल्या पोरांना सारखं 'जॉक' म्हणतात, हे रेसच्या घोड्यावरच्या जॉकीवरनं आलंय का?

तालीमवाला: नाही बे, जॉकस्ट्रॅपवरनं, म्हंजे आपला लंगोटच की! 1874 ला शिकागोच्या बेनेटनं बोस्टनच्या दगडी रस्त्यांवर सायकल मारणाऱ्यांसाठी काढला, आणि त्यातलं जॉक म्हंजे पुरुषाच्या 'त्या' अवयवाचं जुनं बोलीतलं नाव 😄 खेळाडू हा अर्थ लई उशिरा, 1960 च्या आसपास.

पार्कचौक: जॉकी वेगळा. स्कॉटलंडात जॅकला जॉक म्हणतात, त्याचं लाडाचं रूप ते.

सोलापूरकर_पोरगा: मग पैलवान म्हणलं तर चालतंय?

तालीमवाला: नको, जॉकमध्ये अंगानं दणकट न् डोक्यानं बेताचा असा टोमणा असतोय. तालमीत म्हणून बघ, वस्ताद शंभर जोर काढायला लावतील.